फौजेत इलेक्ट्रिशियन म्हणून जायचंय? ट्रेनिंगमध्ये काय असतं आणि काम नक्की कसलं असतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की इलेक्ट्रिशियनचा कोर्स झालाय, कॉन्ट्रॅक्टरकडे दोन वर्षं बिल्डिंगच्या वायरिंगचं काम केलंय, आता फौजेत इलेक्ट्रिशियन म्हणून जायचं डोक्यात आहे, पण कुणीतरी सांगितलं की तिथे नुसती परेड आणि ट्यूबलाइट बदलणं, हातातलं काम विसरायला होतं आणि बाहेर आल्यावर कुणी विचारत नाही. तर जावं की नको. मी फौजेत हेच काम केलंय आणि नंतर ट्रेनिंगला आलेल्या पोरांना शिकवलंयही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय.

जावं की नको हे मी नाही सांगू शकत. घरची परिस्थिती, तब्येत, भरती किती वर्षांसाठी आहे, घरापासून लांब राहायची तयारी, या सगळ्यावर ते आहे. पण तुझ्या प्रश्नाच्या पोटात जो खरा प्रश्न आहे, की तिथे जाऊन मी जास्त चांगला इलेक्ट्रिशियन होईन की आहे तेही घालवून बसेन, त्याचं उत्तर देता येतं. मी दोन्ही होताना पाहिलंय. एकाच बॅचची दोन पोरं, काही वर्षांनी एक जण अख्ख्या कॅम्पची पॉवर उभी करून देतो आणि दुसरा अजून होल्डर बदलतोय. हुशारीत दोघं सारखेच. फरक पडला तो कुठल्या शाखेत गेले त्याने, आणि बाहेरची एक सवय सोडली की नाही त्याने. ती सवय म्हणजे सप्लाय गृहीत धरणं. बाहेर मीटरपर्यंत वीज येते, ती बरोबरच असते, आपलं काम मीटरच्या पुढे. फौजेत मीटरच्या मागचंही सगळं तुझ्या अंगावर असतं.

आधी शाखेचं बघू, कारण ते एकदा ठरलं की सहसा बदलत नाही. फौजेतला इलेक्ट्रिशियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकच माणूस येतो, प्रत्यक्षात तीन-चार वेगळी कामं असतात आणि बहुतेक देशांत थोड्याफार फरकाने हीच विभागणी आहे. इंजिनिअर्स म्हणजे सॅपर्स लोकांकडे कॅम्पची पॉवर, फील्डमधलं डिस्ट्रिब्युशन, पाण्याचे पंप, बंकरमधली लाइटिंग. दुसरी दुरुस्तीवाली शाखा, भारतात ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स), जी १९४३ ला उभी राहिली, ब्रिटिश फौजेत तसंच दुरुस्तीचं दल आरईएमई १९४२ ला. दुसऱ्या महायुद्धात गाड्या, तोफा, रेडिओ इतके वाढले की त्यांच्या दुरुस्तीला वेगळं दलच लागलं. तिथला इलेक्ट्रिशियन भिंतीला हात लावत नाही, त्याचं आयुष्य गाड्या, रणगाडे, जनरेटरचे अल्टरनेटर, स्टार्टर, पॅनल यात जातं. तिसरं सिग्नल्स, तिथे रेडिओ आणि एक्स्चेंजला लागणारी पॉवर, बॅटरी बँक, यूपीएस. आणि कँटोनमेंटमधल्या पक्क्या बिल्डिंगांची वायरिंग, जी तुझ्या आत्ताच्या कामाच्या सगळ्यात जवळची आहे, ती भारतात एमईएसकडे (मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस) असते आणि तिथे काम करणारे मोठ्या प्रमाणात सिव्हिलियन असतात. म्हणजे तुला बिल्डिंगचंच काम आवडत असेल तर वर्दीची वाट कदाचित तुझी नाहीच, हे आधी लक्षात घे.

ट्रेनिंगचं म्हणशील तर पहिले काही महिने तू इलेक्ट्रिशियन नसतोस, फक्त सैनिक असतोस. पीटी, ड्रिल, फायरिंग, रात्रीचं मार्चिंग. या काळात प्लायरला हात लागत नाही आणि बरीच पोरं इथेच नाराज होतात. ते चुकीचं आहे असं मला मनापासून वाटतं. कारण पुढे तू ज्या ठिकाणी केबल टाकणार आहेस तिथे रात्री, पावसात, अंगावर सामान घेऊन, टॉर्च न लावता जायची वेळ येते. शरीर तयार नसेल तर डोक्यातलं ज्ञान त्या वेळी वापरता येत नाही.

मग ट्रेड ट्रेनिंग. ते शून्यापासून सुरू होतं, सर्टिफिकेट असलं तरी. ओहमचा नियम, सिरीज पॅरलल, फाइलिंग, जॉइंट, सोल्डरिंग. तुला वाटेल हे सगळं येतंच मला. येत असेल तरी मन लावून कर, कारण तिथले उस्ताद एक गोष्ट अशी शिकवतात जी कॉन्ट्रॅक्टरकडे शिकायला मिळत नाही, ती म्हणजे फॉल्ट शोधायची पद्धत. लाकडी बोर्डवर पूर्ण सर्किट लावलेलं असतं, मागून उस्ताद एखादी वायर सोडतो, रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये कागद घालतो, फ्यूज आतून तुटलेला लावतो, आणि पुढे तू. नवीन पोरगा काय करतो, एका टोकापासून स्क्रू उघडत जातो. उस्ताद त्याला थांबवतो, आधी विचारतो की काय चालतंय आणि काय चालत नाहीये ते बोलून दाखव. मग सर्किटच्या मधोमध मीटर लाव. व्होल्टेज आहे म्हणजे फॉल्ट पुढच्या अर्ध्यात, नाही म्हणजे मागच्या अर्ध्यात. परत त्या अर्ध्याचं अर्ध. सोळा पॉइंट असले तरी चार मोजमापात जागा सापडते. ऐकायला सोपं आहे पण अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि माझ्या मते पूर्ण ट्रेनिंगमधली सगळ्यात किमती गोष्ट हीच. पुढे ट्रेड टेस्ट देऊन वरचा क्लास मिळतो, त्यावर पगार आणि प्रमोशन दोन्ही अवलंबून, तेव्हा त्या टेस्ट टाळू नकोस.

आता मुख्य मुद्दा, सप्लाय आपला असतो म्हणजे काय. एक उदाहरण सविस्तर घेतो कारण यात सगळं येतं.

समज मोकळ्या मैदानात कॅम्प लागलाय, २० केव्हीए क्षमतेचा थ्री फेज जनरेटर आहे, त्यातून बोर्ड, बोर्डातून तंबूंना लाइन. बाहेरून आलेला चांगला वायरमन आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, लावतो, टेस्टचं बटण दाबतो, खट्कन ट्रिप होतो, म्हणतो झालं. पण त्याने जनरेटरचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) अर्थला जोडलेला आहे का हे बघितलेलंच नसतं. शहरात ते काम ट्रान्सफॉर्मरवर आधीच झालेलं असतं म्हणून त्याला कधी बघायची वेळच आलेली नसते. बरेच पोर्टेबल जनरेटर न्यूट्रल मोकळा ठेवून येतात. आणि टेस्टचं बटण न्यूट्रल मोकळा असला तरी व्यवस्थित काम करतं, कारण ते आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये एक रेझिस्टर लावून करंट फिरवतं, अर्थचा त्यात संबंधच नाही. म्हणजे बटण दाबून तुझी खात्री पटते आणि संरक्षण मात्र नसतं.

आता पुढे काय होतं बघ. एका तंबूत केबल चिरली आणि एक फेज लोखंडी खांबाला टेकली. न्यूट्रल मोकळा असल्यामुळे करंटला परतीचा रस्ता नाही, काहीच ट्रिप होत नाही, लाइट चालू, कुणाला पत्ता नाही. मग काही दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी कुणाचा हात दुसऱ्या फेजला लागला. आता मात्र रस्ता पूर्ण झाला आणि त्याच्या अंगावर फेज ते फेज ४०० व्होल्ट. आणि दोन्ही फॉल्ट एकाच आरसीसीबीच्या पुढे असतील तर एका फेजने गेलेला करंट दुसऱ्या फेजने त्याच आरसीसीबीतून परत येतो, त्याला बेरीज शून्यच दिसते, तो ट्रिपच होत नाही. म्हणून कॅम्पसारखं मोठं डिस्ट्रिब्युशन असेल तर न्यूट्रल जनरेटरपाशी अर्थला बाँड करायचा, म्हणजे पक्का जोडायचा, आणि एकाच जागी करायचा. दोन जागी केलास तर न्यूट्रलचा करंट अर्थच्या वायरमधून फिरायला लागतो आणि आरसीसीबी विनाकारण उडतात. छोटा जनरेटर आणि त्याला एकच ड्रिल मशीन लावलंय, तिथे न्यूट्रल मोकळा ठेवलेला चालतो, उलट ते जास्त सुरक्षित समजतात. म्हणजे परिस्थिती बघून ठरवायचं, आणि ठरवायला आतलं कारण माहीत पाहिजे.

याच जनरेटरवर दुसरी गोष्ट. शहरात शॉर्ट झाला की ट्रान्सफॉर्मर हजारो अँपिअर ढकलतो, एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, क्षणात पडतो. २० केव्हीएच्या जनरेटरचा पूर्ण लोडचा करंटच साधारण २९ अँपिअर. शॉर्टमध्ये तो चांगल्या एक्सायटेशनचा (व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा) असला तरी साधारण तिप्पट करंट टिकवून धरतो, म्हणजे ८५-९० अँपिअर, साधा असेल तर व्होल्टेजच कोसळतं. आता तू बाहेरच्या सवयीने ३२ अँपिअरचा सी टाइप एमसीबी लावलास, त्याला लगेच पडायला पाच ते दहा पट, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर लागतात. ते कधी येणारच नाहीत. केबल तापत राहील आणि एमसीबी शांत बसलेला असेल. १६ अँपिअरचा बी टाइप लाव, त्याला तीन ते पाच पट म्हणजे ४८ ते ८० पुरतात, तो पडेल. दुकानात दोन्ही एमसीबी सारखेच दिसतात, फक्त कडेला एक अक्षर वेगळं असतं, आणि ते अक्षर वाचणारा आणि न वाचणारा यात सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन पोरांमधला फरक आहे.

अर्थिंगवर मी तासभर बोलू शकतो पण थोडक्यात सांगतो. रॉड ठोकला की अर्थिंग झालं असं नसतं. खडकाळ जमिनीत रॉड हातभर जातो आणि वाकतो, तिथे उघडी पट्टी किंवा तार चर खणून आडवी पुरायची. कोरड्या रेतीत एक रॉड पुरत नाही, जास्त लावायचे आणि दोन रॉडमध्ये निदान रॉडच्या लांबीएवढं अंतर ठेवायचं, जवळजवळ ठोकले तर पैसे आणि घाम दोन्ही वाया. आणि मोजायचं. अर्थ टेस्टरचे जमिनीत ठोकायचे दोन स्पाइक, एक लांब करंटचा आणि मधला त्या अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर, मग मधला थोडा मागेपुढे करून रीडिंग सारखंच राहतंय का बघायचं. सारखं राहिलं तरच ते रीडिंग खरं.

लोडचं सांगतो. कॅम्पमध्ये सगळ्यांना वाटतं मोठा जनरेटर आणला की प्रश्न मिटला. डिझेल इंजिन तीसेक टक्क्यांपेक्षा कमी लोडवर तासन्‌तास चाललं की डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमधून काळं तेलकट गळायला लागतं, इंजिन खराब होतं. म्हणून रात्रीसाठी छोटा आणि दिवसासाठी मोठा असे दोन असलेले बरे. पंप असेल तर मोटर डायरेक्ट स्टार्ट करताना पाच ते सात पट करंट घेते, तेव्हा आधी पंप सुरू करायचा आणि मग बाकी लोड टाकायचा. उंचावर हवा विरळ असते, तिथे इंजिन तेवढी पॉवर देतच नाही, प्लेटवर लिहिलंय म्हणून मिळेल असं धरू नकोस. आणि लांब केबलचा ड्रॉप कागदावर काढल्याशिवाय केबल टाकू नकोस. ४ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल १०० मीटर नेली, जाऊन येऊन २०० मीटर, रेझिस्टन्स होतो ०.८७५ ओहम, १६ अँपिअर घेतले की १४ व्होल्ट रस्त्यातच गेले, २३० मधले सहा टक्के. १० स्क्वेअर एमएम टाकली तर साडेपाच व्होल्टच्या आसपास. हा हिशोब पाठ नको, पण कागदावर पटकन मांडता आला पाहिजे, कारण फील्डमध्ये तुला कुणी टेबल आणून देणार नाही.

लोड कमी करायची वेळ आली तर काय आधी बंद करायचं हे आधीच लिहून बोर्डवर लावलेलं पाहिजे. दवाखाना आणि कम्युनिकेशन सगळ्यात शेवटी, एसी आणि गीझर सगळ्यात आधी. दवाखान्यातल्या ऑपरेशन थिएटरचं तर वेगळंच, तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून मुद्दाम न्यूट्रल मोकळी ठेवलेली सिस्टिम असते, म्हणजे पहिल्या फॉल्टला सप्लाय जात नाही, फक्त अलार्म वाजतो. बघ, मघाशी जे धोक्याचं होतं तेच इथे जीव वाचवतं. हे लक्षात आलं की तू नियम पाठ करणाऱ्यातला राहत नाहीस.

गाड्यांच्या शाखेत गेलास तर वेगळं जग. फौजी गाड्या बहुतेक २४ व्होल्टच्या, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. रेडिओ किंवा चार्जर १२ व्होल्टचा आहे म्हणून कुणीतरी एकाच बॅटरीवरून लाइन काढतो, ती बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, दुसरी ओव्हरचार्ज होते आणि काही आठवड्यांत दोन्ही जातात. नवीन गाडी हातात आली की असे चोर टॅप शोधणं हे पहिलं काम. थंडीच्या ठिकाणी बॅटरी पूर्ण चार्ज ठेवायची सवय लागते, कारण पूर्ण उतरलेली बॅटरी उणे सात-आठ अंशांच्या आसपास गोठून फुटू शकते, चार्ज असलेली उणे पन्नासच्या खालीसुद्धा गोठत नाही.

दुसऱ्या देशांच्या तुकड्यांबरोबर मिशनवर गेलास तर वायरच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नकोस. आपल्या जुन्या पद्धतीत काळी वायर न्यूट्रल, युरोपच्या आत्ताच्या पद्धतीत काळी फेज आणि निळी न्यूट्रल, अमेरिकन पद्धतीत काळी फेज, पांढरी न्यूट्रल. आपली निळी फेज, त्यांची निळी न्यूट्रल. शिवाय कुठे ५० हर्ट्झ कुठे ६०. जनरेटर बदलला की फेज सिक्वेन्स मीटर (तिन्ही फेजचा क्रम दाखवणारा) लावूनच पुढचं सोडायचं, नाहीतर पंप उलटे फिरतात आणि पाणी का येत नाही ते कुणाला कळत नाही.

आता ज्या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं तो. फौजेत हुकूम पाळायचा असतो आणि लाइट गेली की वरून पहिला फोन येतो, किती वेळ लागेल. समोर सीनियर उभा, मागे सगळे अंधारात. अशा वेळी चालू लाइनवर हात घालायचा मोह होतो आणि फौजेतल्या इलेक्ट्रिशियनला धोका गोळीइतकाच यातून आहे. पद्धत एकच. बंद कर, कुलूप लाव, चावी स्वतःच्या खिशात, पाटी लाव, मग टेस्टर आधी चालू लाइनवर तपास, मग तुझ्या लाइनवर बघ, मग परत चालू लाइनवर तपास, कारण टेस्टर मधल्या मधे मेलेला असू शकतो. सीनियर विचारत असतील तर शांतपणे सांगायचं, साहेब लाइन बंद करून वीस मिनिटं, त्याआधी होणार नाही. मी ज्या ज्या अधिकाऱ्यांना असं स्पष्ट सांगितलं त्यांनी ऐकलं, कारण त्यांना वेळेचा आकडा हवा असतो, धाडस नको असतं. आकडा दे, आणि पाळ. जनरेटर तंबूच्या तोंडाशी लावून देणार नाही हेही तसंच ठामपणे सांगायचं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि झोपलेली माणसं उठत नाहीत.

ट्यूबलाइट बदलण्याबद्दल. हो, बदलाव्या लागतात. शांततेच्या पोस्टिंगमध्ये कामाचा बराच भाग मेंटेनन्स, स्टोअरचा हिशोब, गार्ड ड्यूटी आणि फंक्शनची लाइटिंग हाच असतो. या काळात कोण काय करतं त्यावर पुढचं ठरतं. कंडम झालेला स्टार्टर उघडून बघ, रिवाइंडिंगवाल्याच्या शेजारी बस, मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) घेऊन सगळ्या लाइनचं रीडिंग घेऊन तारखेसकट वहीत लिही. पुढच्या वर्षी परत घे आणि तुलना कर, कुठली केबल खराब होतेय ते आधीच कळतं. कुणी सांगणार नाही हे करायला, आणि कुणी अडवणारही नाही.

बाहेर आल्यावरचं. कुणी विचारत नाही हे खरं नाही, पण कागद नसेल तर विचारत नाही हे खरं आहे. फौजेतली ट्रेड टेस्ट बाहेरच्या लायसन्सच्या बरोबरीची आपोआप होतेच असं नाही, बऱ्याच ठिकाणी वायरमन किंवा सुपरवायझरचं लायसन्स वेगळं काढावं लागतं आणि त्यांना अनुभव कुठल्या व्होल्टेजवर, किती केव्हीएवर, काय काम, असा लिहून लागतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून स्वतःची कामाची नोंद ठेव, जागा आणि युनिटचे गोपनीय तपशील न लिहिता, फक्त कामाचा प्रकार आणि क्षमता, आणि ज्या ज्या वेळी बदली होईल त्या त्या वेळी सेवेच्या कागदात ट्रेड आणि क्लास नीट चढलाय का बघून घे. रिटायर व्हायच्या वेळी हे गोळा करायला गेलास तर सही करणारे साहेब कधीच बदलून गेलेले असतात. ज्यांनी हे केलं ते हॉस्पिटल, डेटा सेंटर, मोठ्या फॅक्टरीत स्टँडबाय पॉवरवर लागले, कारण जनरेटर, चेंजओव्हर (मेन लाइन आणि जनरेटर यात सप्लाय फिरवणारा स्विच), यूपीएस हे एकत्र समजणारा माणूस बाहेर सहज मिळत नाही.

जायचं ठरवलंस तर भरतीच्या आधी दोन कामं कर. एक, भरतीच्या ऑफिसात जाऊन नुसतं टेक्निकल ट्रेड मिळेल का असं विचारू नकोस, कुठल्या शाखेत, ट्रेड कोण ठरवतं, आपली पसंती विचारतात का, ट्रेड ट्रेनिंग कुठे आणि त्याचं सर्टिफिकेट बाहेर चालतं का, हे विचार आणि सध्याच्या जाहिरातीत वाच, कारण योजना बदलत असतात, माझ्या वेळचं तुला लागू होईलच असं नाही. दोन, तुझ्या कॉन्ट्रॅक्टरकडे आत्ता जो जनरेटर उभा असेल त्याचं पॅनल एकदा बंद अवस्थेत, कुणी जाणकार सोबत घेऊन, उघडून बघ. न्यूट्रल कुठे जातो, अर्थला जोडलाय का, चेंजओव्हर तीन पोल आहे की चार, चार असेल तर बाँड कुठे. याची चारही उत्तरं कागदावर काढता आली तर ट्रेड ट्रेनिंगमध्ये तू खूप पुढे असशील. काढलेलं चित्र इथे टाक, काही चुकलं असेल तर मी बघून सांगतो, आणि कुठली शाखा मिळतेय ते कळलं की तेही लिही, त्या शाखेपुरतं अजून नेमकं सांगता येईल.